गुरुवारची साखरजाळी

पाकाच्या बाबतीत इदालिनाला आईनं एकदाच मारलं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. मिठाईच्या दुकानामागच्या स्वयंपाकघरात तांब्याच्या पातेल्यात साखर उकळत होती आणि एक गिऱ्हाईक बाई दारात उभी राहून विचारत होती, "फेलिस्मिना, तुमच्या साखरेच्या तारा अशा काचेसारख्या राहतात तरी कशा हो?"

आईनं हसून विषय टाळला. पोरगी म्हणाली, "लिंबू."

बाई गेल्यावर आईनं लाकडी चमच्याची दांडी तिच्या पोटरीवर ओढली. "घरातलं घरात," ती म्हणाली. एवढंच.

तेव्हापासून इदालिनानं लिंबाचं नाव काढलं नाही. पण हात शिकत गेला. पाक एकतारी कधी होतो, दोनतारी कधी, गोळी कधी बसते आणि रंग चढायच्या अगदी आधी त्याची काच कधी होते, हे तिला न बघता कळायचं. बुडबुड्यांचा आवाज जाड होतो, ती म्हणायची. मग दोन काट्यांनी पाक उचलायचा, हवेत झुलवायचा, आणि केसाएवढ्या तारा दांडीवर पडू द्यायच्या. लग्नाच्या मेजावर ठेवायची घरटी या तारांची व्हायची. ती संध्याकाळच्या आत खावी लागत. उत्तर पोर्तुगालातल्या या मिन्यो भागाची हवा ओली. रात्र उलटली की तारा एकमेकींना चिकटून बसायच्या.

पंधराव्या वर्षी ती गिमराइंशजवळच्या कापड गिरणीत लागली. सव्वीस वर्षं मागावर ताण्याचे धागे भरले. मग एका सोमवारी गिरणीच्या दाराला कुलूप दिसलं. तिचा नवरा त्याआधीच वारला होता. ती आईच्या दुकानावरच्या खोलीत राहायला आली आणि दोन वर्षं खिडकीत बसून राहिली.

ब्रिजिदा, जिला सगळे दोतोरा, म्हणजे डॉक्टरीणबाई, म्हणत, दुकानात आली ती घरटं विकत घ्यायला नव्हे, विचारायला. गावाबाहेरच्या नव्या संशोधन केंद्रात ती जिवंत कातडी आणि मांस वाढवायचं काम करत असे. तिनं मिठाईच्या कागदावरच चित्र काढलं. जिवंत थर जाड केला की आतून मरतो, रक्त पोचत नाही. म्हणून आधी साखरेच्या तारांची जाळी करायची. तिच्यावर पेशी मिसळलेला मऊ रस ओतायचा. तो थिजला की कोमट पाणी सोडायचं. साखर विरघळून जाते, तारेची वाट मागे राहते. त्या वाटांना आतून रक्तवाहिनीच्या पेशींचं अस्तर लावायचं. मग असे तीन थर एकावर एक ठेवायचे. तीन-चार दिवसांत एका थराच्या वाहिन्या दुसऱ्याच्या वाहिन्यांना जाऊन मिळतात.

"म्हणजे साचा खायचा आणि मिठाई ठेवायची," फेलिस्मिना म्हणाली.

"अगदी तसंच. पण आमचा पाक साखरतो. यंत्रानं ओढला तरी तार मधेच तुटते."

"यंत्राला कान कुठे असतात? माझी मुलगी घेऊन जा. गिरणी बंद पडल्यापासून नुसती माझं डोकं खातेय."

म्हातारीनं आच सांगितली, भांडं सांगितलं, काटा कसा धरायचा तेही सांगितलं. लिंबू सांगितलं नाही. केंद्रानं आपली कृती कागदावर उतरवली, वजनं ठरवली, आणि त्या कागदात लिंबू कधी आलंच नाही. इदालिनानंही आणलं नाही. लिंबाशिवाय तार ओढायला ती तिथे नव्यानं शिकली. अवघड होतं, पण जमलं. अकरा वर्षं जमलं.

त्या अकरा वर्षांत जाळ्या उंदरांत गेल्या, मग डुकरांत, मग पाच माणसांत. पाचही वेळा दोतोरा पोर्तूच्या इस्पितळातून जमलं म्हणून ओरडतच फोन करायची, आणि इदालिना फोन कानापासून लांब धरायची.

सहावा माणूस व्हितालिनो.

त्याचं नाव तिला कळायला नको होतं. पेशींच्या पेटीवर फक्त आकडा असतो. पण गाव केवढं? जुलैत जत्रेच्या आठ दिवस आधी शोभेच्या दारूकामाची शेड उडाली, तो आवाज सगळ्यांनीच ऐकला होता. व्हितालिनो वाचला. डाव्या पायाची नडगी उघडी पडली. त्याच्याच मांडीची कातडी दोनदा लावली, दोनदा ती काळी पडून गळली. हाडावर काही धरेना. नोव्हेंबर उजाडला. त्याच्या पेशी केंद्रात वाढत होत्या. त्या तीन थरांपुरत्याच होत्या. पुन्हा वाढवायच्या तर पाच आठवडे, आणि हाड पाच आठवडे थांबणार नव्हतं, असं शल्यविशारदानं कळवलं होतं. शस्त्रक्रिया पुढच्या शुक्रवारी. नाहीतर पाय कापायचा.

गुरुवारी इदालिनानं जाळ्या ओढल्या. बाहेर तीन दिवस धुकं बसलेलं. साखरखोलीतलं हवा सुकवायचं यंत्र घरघरत होतं, तरी पाक पुन्हा पुन्हा साखरत होता. तिला सर्दी झाली होती. आईच्या झाडाचं अर्धं लिंबू कागदात गुंडाळून तिच्या एप्रनच्या खिशात होतं. थर्मासातल्या गरम पाण्यात पिळून प्यायला. दोन भांडी फुकट गेली. तिसरं जमलं. त्या एका पाकातून तिनं तिन्ही जाळ्या ओढल्या. शुक्रवारी पेशी ओतल्या, सोमवारी थर एकावर एक ठेवले.

सोमवारी दुपारी दोतोरा साखरखोलीच्या दाराशी आली. "दोना इदालिना, गुरुवारच्या जाळीचे भिंगाखालचे फोटो बघितलेत का? अकरा वर्षांत इतकी स्वच्छ तार मी पाहिली नाही. तीही या हवेत!"

"हो का?" इदालिना म्हणाली.

"कसं केलंत?"

"केलं."

दोतोरा हसत गेली. इदालिना उभीच राहिली. त्या हवेत तशी तार निघत नाही. तिला ते माहीत होतं. तशी तार एकाच गोष्टीनं निघते.

घरी येऊन तिनं गुरुवारचा एप्रन शोधला. अजून धुतला नव्हता. खिशातलं लिंबू पिळलेलं होतं, साल चिपाडासारखी. ते तिनं थर्मासात पिळलं की पातेल्यात? तिनं डोळे मिटले. हात आठवला. हाताखालचं भांडं आठवेना.

मंगळवारी ती कामावर गेली आणि काही बोलली नाही.

न बोलायला तिच्यापाशी कारण होतं. कृतीबाहेरचं काही पडलं असेल तर सगळा माल टाकायचा, असा केंद्राचा नियम. टाकला की पाय गेला. आणि कदाचित तिनं थर्मासातच पिळलं असेल. निव्वळ संशयापायी माणसाचा पाय घालवायचा? पण लिंबू पाकात गेलं असेल तर तारा ओल धरतात. मऊ पडतात. जिथे एक तार दुसरीवर येते तिथे बसतात. लग्नातली घरटी संध्याकाळी कशी व्हायची ते तिनं हजारदा पाहिलं होतं. तसंच आत झालं असेल तर वाटा बुजल्या असतील. मग ती कातडी त्या माणसाच्या हाडावर कुजेल. ताप चढेल. मग पाय नाही, माणूस.

ती दर तासाला उबवणीच्या कपाटाशी जायची. काचेआड बशी. बशीत गुलाबी, तळहाताएवढा तुकडा. तिला वाटायचं, तो तिच्याकडे बघतोय.

बुधवारी सकाळी कॅफेत ओलिंपिया भेटली. व्हितालिनोची बायको. चाळिशीची, उंच, मोठ्या आवाजाची. मक्याचा पाव बगलेत धरून ती थेट तिच्या टेबलाशी आली.

"दोना इदालिना! मला सगळं कळलंय, नाही म्हणू नका. माझ्या नवऱ्याची कातडी तुम्ही करताय."

"मी नुसती साखर ओढते."

"साखरच ओढा. तो मिठाईचा हावरट आहे, अंगाला लगेच लागेल." तिनं खुर्ची ओढली. "चार महिने झाले हो. रात्री पोरं विचारतात, बाबा कधी चालणार. मी म्हणते, शुक्रवारी फेलिस्मिनाच्या मुलीच्या हातची कातडी लागली की चालणार. बरोबर सांगते ना मी?"

कॉफीचा कप बशीवर वाजला. इदालिनानं दोन्ही हातांनी तो दाबून धरला.

"तुम्हाला बरं नाही का?"

"सर्दी आहे."

"लिंबू-पाणी घ्या की गरम! तुमच्या आईच्या दारात एवढं झाड आहे."

इदालिना उठली. तिनं कॉफी तशीच सोडली.

गुरुवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी केंद्रात पोचली. प्रत्येक पाकातल्या तीन तारा सीलबंद नळीत ठेवायच्या, अशी रीत. उद्या काही चुकलं तर पुरावा म्हणून. नळ्यांचा खण तिच्याच ताब्यात असे. तिनं गुरुवारची नळी काढली. सील फोडलं.

तिला आंबटपणा मोजायच्या यंत्राची आठवण झाली नाही. साखरेत काय आहे हे ओळखायची एकच रीत तिच्या घरात होती. तिनं हातमोजा काढला आणि एक तार जिभेवर ठेवली.

गोड लागली. मग... काहीच नाही. तोंडाला कोरड पडली होती. जिभेवर तार लाकडासारखी पडून राहिली, उशिरा विरघळली. आंबट होती? तिनं टाळ्याला जीभ लावली. कळेना. सर्दीनं नाक बंद. दुसरी तार ठेवली. ती पाठीमागे कुठेतरी किंचित चरचरली, की तिला तसं वाटलं. भीतीचीही चव आंबटच लागते, असं आई म्हणायची.

नळीत एक तार उरली. इदालिनाला मग उमगलं की आपण पुरावा खाल्ला.

ती जमिनीवर बसली. भिंतीला टेकून, नळी मुठीत धरून. बाहेर गाड्या लागायला लागल्या. एक तार तोंडात टाकली की संपलं, असं तिच्या मनात आलं. कुणाला कधीच कळणार नाही. नळी फुटली म्हणायचं. अशा नळ्या फुटतात.

ती तशी किती वेळ बसली, तिला सांगता येत नाही. दोतोरानं दार उघडलं तेव्हा ती तिथेच होती.

"दोना इदालिना? पडलात का?"

"मी पाकात लिंबू पिळलं असेल."

"काय?"

"गुरुवारी. माहीत नाही. पिळलं असेल. मग चाखून बघायला दोन तारा खाल्ल्या. ही एक राहिली." तिनं मूठ उघडली.

दोतोरानं नळी घेतली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं, असं इदालिनाला वाटलं.

"लिंबू कशाला घालतात पाकात?"

"साखरू नये म्हणून. आई घालते."

"अकरा वर्षांत हे मला सांगितलं नाहीत तुम्ही."

"घरातली गोष्ट होती."

"मी घरातली नव्हते तर," दोतोरा म्हणाली, आणि तार घेऊन आत गेली.

वीस मिनिटांनी ती परत आली. तार आंबट होती. फार नाही. दोन-तीन थेंब असतील.

नियमाप्रमाणे बशी टाकायची होती. दोतोरानं शल्यविशारदाला फोन लावला, सगळं सांगितलं, आणि त्यांचं ऐकून घेतलं. फोन ठेवून म्हणाली, "नियम मोडायचा अधिकार मला नाही. त्यांनाही नाही. पेशंटला सगळं सांगून त्यानं लिहून दिलं आणि समितीनं होकार दिला तर विचार होईल, म्हणतात. त्याआधी वाटा उघड्या आहेत का बघा, म्हणतात. चला."

त्यांनी बशी दिव्याखाली घेतली आणि लाल द्रव सोडला. पंप टिकटिकत होता. खालच्या थरात लाल रेघ शिरली, फांद्या फुटल्या, दुसऱ्या थरात चढली. तिसऱ्या थरात रेघ मध्यापर्यंत गेली. उजवीकडे पसरली. डाव्या कोपऱ्याशी थांबली.

"चढेल," दोतोरा म्हणाली.

ती चढली नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. डावा कोपरा अंगठ्याएवढा पांढरा राहिला.

"तारा बसल्यात तिथे," इदालिना म्हणाली. "एकीवर एक."

"बाकी भरलंय."

"आज भरलंय. उद्या बसलं तर?"

दोतोरानं गाडीची किल्ली उचलली. "तुम्ही पण चला. हे मी एकटी सांगणार नाही."

पोर्तूच्या इस्पितळात व्हितालिनो उशीला टेकून बसला होता. हडकुळा, भुवया जळून पुन्हा अर्ध्याच उगवलेल्या. ओलिंपिया खिडकीशी. शल्यविशारद दारात उभा. दोतोरानं सगळं सांगितलं. मग सगळ्यांनी इदालिनाकडे पाहिलं.

"लिंबू?" ओलिंपिया म्हणाली. "मी काल तुमच्यासमोर बसून... तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात सर्दी आहे."

"हो."

"अहो, पोरं आहेत मला!" तिनं पर्स पलंगावर आपटली. "एका शब्दानं बोलला नाहीत! कप थरथरत होता तुमचा, मी मूर्खासारखी तब्येत विचारतेय!"

"ओलिंपिया, गप," व्हितालिनो म्हणाला. तो इदालिनाकडे बघत होता. "मोजून घातलं होतं की अंदाजानं?"

"अंदाजानं. हातानं घातलं. माझ्या नकळत."

"आमच्या शेडमध्ये अंदाजानं घातलं की असं होतं." त्यानं चादरीखालच्या पायाकडे हनुवटी केली. मग तो शल्यविशारदाला म्हणाला, "नाही लावली तर?"

"सोमवारी पाय काढू. गुडघ्याखाली."

"लावली आणि नाही धरली तर?"

"तर कदाचित गुडघ्याच्या वर. ताप लवकर ओळखला नाही तर त्याहून वाईट."

व्हितालिनो इदालिनाकडे वळला. "दोना इदालिना," तो म्हणाला, "तुमच्या माणसाला लावली असती?"

तिला हो म्हणायचं होतं. इथे हो म्हणणंच बरं, तिला दिसत होतं. बाई धीर धरेल, माणूस सही करेल. आणि नाही म्हटलं तरी कुणी दोष देणार नाही. तिनं दोन्ही शब्द तोंडात फिरवून पाहिले.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मला तीन दिवस झोप नाही. मला फार भीती वाटते."

"चला," तो म्हणाला. "मी एकटाच नाही म्हणजे." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. ओठ नुसते ताणले गेले. "कागद द्या. तो पांढरा कोपरा मात्र कापून टाका, माझ्या अंगात कुणाचा अर्धवट कोपरा नको."

ओलिंपियानं कागद हातात घेतला आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. प्रत्येक शब्द मोठ्यानं वाचला. मग त्याच्यापुढे धरला.

समितीचा होकार संध्याकाळी आला. शुक्रवारी कोपरा कापून तुकडा लावला. इदालिनाला केंद्रातून रजा दिली गेली होती. चौकशी होईपर्यंत साखरखोलीत यायचं नव्हतं. ती दुकानामागे आईजवळ बसायची. तिनं आईला सांगितलं. नव्वदीच्या फेलिस्मिनानं हातातला काटा खाली ठेवला. मग म्हणाली, "मीच तुला मारलं होतं ना त्यासाठी?" आणि रडायला लागली. इदालिनानं तिला रडू दिलं. स्वतः तिला रडू येत नव्हतं. फोन वाजला की ती आईच्या आधी उचलायची. शनिवारी वाजला तो चुकीचा नंबर होता. रविवारी वाजलाच नाही.

मंगळवारी ओलिंपियाचा फोन आला. "या," एवढंच ती म्हणाली. कशी हाक आहे ही, इदालिनाला कळेना. बसमध्ये पूर्ण वेळ ती दोन्ही शक्यता घोकत गेली.

ती खोलीच्या दारातच थांबली. शल्यविशारद पट्टी सोडत होता. मग नडगी दिसली. तुकडा तिथे होता. काळा नव्हता. पिवळटही म्हणता येईना. टाक्यांशी एका कडेला निळसर छटा होती, आणि तिची नजर तिथेच अडकली.

"आत या की," व्हितालिनो म्हणाला. "चावत नाही."

ती आली नाही.

"आता बघू," शल्यविशारद म्हणाला. त्यानं तुकड्याच्या मध्यावर बोट दाबलं. बोट उचललं. बोटाच्या आकाराचा पांढरा ठसा उमटला. रक्त वाहत असेल तर तो भरेल. नसेल तर तसाच राहील.

"एक," ओलिंपिया मोजू लागली. "दोन."

ठसा पांढराच.

"तीन."

इदालिनानं दाराची चौकट धरली. व्हितालिनो पायाकडे बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, तिच्या चेहऱ्यावरून काय ते कळेल म्हणून.

"चार," ओलिंपियाचा आवाज फाटला.

ठशाच्या कडा गुलाबी झाल्या. मग मध्य. हळूहळू, ओल्या कपड्यावर रंग पसरावा तसा.

"उशीर लागतोय," शल्यविशारद म्हणाला. "पण येतंय. पाय काढायचा विषय आज तरी नाही. ही निळी कड कशी वागते ते बघायचं. आठ दिवस दर दोन तासांनी दाबून बघायचं."

व्हितालिनोनं डोळे मिटले आणि डोकं उशीवर टाकलं. ओलिंपिया मात्र बसली नाही. तिनं इदालिनाच्या मनगटाला धरून तिला पलंगापाशी ओढलं. पकड घट्ट होती, माफीची नव्हती.

"मला घरी पोरं आहेत, मी इथे चोवीस तास बसू शकत नाही," ती म्हणाली. "दर दुसऱ्या वेळेला तुम्ही मोजायचं. इथे बसायचं आणि मोजायचं. आणि चारच्या पुढे गेलं तर मला लगेच सांगायचं. लगेच. कळलं?"

"कळलं," इदालिना म्हणाली.

"पुन्हा दाबा," ओलिंपिया शल्यविशारदाला म्हणाली. "आता यांना मोजू दे."

त्यानं दाबलं. ठसा पांढरा झाला. इदालिनानं तोंड उघडलं. पहिला आकडा काही केल्या बाहेर येईना.